सगळ्या प्रती संपल्या

ताईला तिच्या नवऱ्यानं कसं छळून मारलं, ते धाकटीनं लिहून काढलं. एकही प्रकाशक छापायला धजेना, तेव्हा तिनं स्वतःच पुस्तक काढलं आणि प्रती दुकानात नेऊन ठेवल्या. आठवड्यातच दुकानदाराचा फोन आला, "सगळ्या संपल्या. आणखी पाठवा."

"आई, लोक ताईचं वाचताहेत गं," ती म्हणाली. त्या दिवशी आई कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली.

दुसरी आवृत्ती छापून झाल्यावर गठ्ठे घेऊन धाकटी दुकानात गेली. "कोण लोक नेतात हो माझं पुस्तक?"

"एकाच गृहस्थांनी सगळ्या प्रती नेल्या. याही त्यांनाच हव्यात," दुकानदार कौतुकानं म्हणाला. "म्हणाले, मेहुणीचं पुस्तक आहे, घरातलं घरातच राहिलेलं बरं."