होऽ बाई

कुसाळकर बाईंनी नवा चष्मा डोळ्यांवर चढवला. शेजारी रेहाना उभी होती. ती बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, आता शाळाशाळांतून शिक्षकांना अशी यंत्रं वापरायला शिकवत फिरायची.

"नेहमीसारखं शिकवा, बाई. ज्याला समजलं नसेल त्याच्या डोक्यावर पिवळा ठिपका दिसेल."

बाईंनी सहावीच्या फळ्यावर अर्ध्याला एक चतुर्थांशाने भागलं. उत्तर आलं दोन. "समजलं का?"

"होऽ बाई!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

बाईंना अकरा ठिपके दिसले. त्या मटकन खुर्चीत बसल्या. "चौतीस वर्षं मी या 'हो'वर विसंबून पुढचा धडा घेतला गं."

"यंत्र नवीन आहे, बाई. चुकतं कधीकधी," रेहाना घाईने म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं आणि त्या पाहतच राहिल्या. बारावा ठिपका तिच्या डोक्यावर होता.

बाईंच्या नजरेवरून रेहाना ओळखायचं ते ओळखून गेली. ती पहिल्या बाकावर मुलींच्या शेजारी बसली आणि तिने हात वर केला.

"मला नाही समजलं, बाई. भागल्यावर वाढतं कसं? सहावीत मी नुसतीच हो म्हणाले होते."

कुणीही हसलं नाही. मागून एक हात वर आला, मग दुसरा, मग आणखी कितीतरी.

बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि डब्यातली अर्धी भाकरी हातात घेतली.

"या, जवळ या सगळे. आणि समजेपर्यंत कुणी हो म्हणायचं नाही."