पलीकडच्या पेटीतला मासा

पलीकडच्या काठावरून तपासणीसाठी आलेल्या पेटीतला एक मासा अलीकडचा निघाला. प्रयोगशाळेत तिने चाचणी पुन्हा लावली. जनुकं तेच म्हणत होती.

आखाताच्या दोन काठांचे हे मासे दिसायला अगदी एका छापाचे. फरक फक्त जनुकांत दिसायचा. दोन थवे, दोन घराणी, येणं-जाणं बंद. तिचं सगळं संशोधन आजवर हेच सांगत आलं होतं.

तिला ते पटतही होतं. पलीकडच्या काठावर तिची थोरली बहीण राहायची. आई गेली तेव्हा शब्दाने शब्द वाढला आणि दोघींनी अबोला धरला. आधी ताईने यावं, असं धाकटीने ठरवून टाकलं होतं. ती नावाजलेली शास्त्रज्ञ झाली, पण ताप आला तर कपाळावर हात ठेवायला कोणी नव्हतं. पलीकडून येणाऱ्या लाँचचा भोंगा वाजला की ती खिडकी लावून घ्यायची.

"पेटी भरतानाच घोळ झालाय," ती सहायकाला म्हणाली.

"नाही वाटत, मॅडम. पलीकडून पेटी फार निगुतीने भरून येते. प्रत्येक मासा वेगळा बांधलेला."

"मग सगळंच बदलेल. पिढीतून एखाददुसरा मासा जरी पलीकडे जाऊन रमला, तरी थवे पुरते तुटत नाहीत."

"एवढ्यानं भागतं?"

"भागतं," ती म्हणाली.

तरी खात्री करायलाच हवी होती. ती खाली फाटकावर गेली. "पलीकडची पेटी कोण आणून देतं हो?"

पहारेकरी घुटमळला. "सांगू नका म्हणाल्या होत्या."

"कोण?"

"एक बाई आहेत. तिकडच्या मासळी बाजारात असतात. पेटी स्वतः भरतात, स्वतःच लाँचने घेऊन येतात. मग परतीची लाँच लागेपर्यंत इथे बाकावर बसतात, तुमच्या खिडकीकडे बघत."

तिने वर पाहिलं. खिडकी बंद होती.

"मग वर का नाही आल्या कधी?" तिने विचारलं.

"मी दर वेळी म्हणतो, बाई, जा की वर. तर म्हणतात, धाकटीनं बोलावलं तर जाईन."