एकच रेघ

कुलगुरू म्हणून निवृत्त झालेल्या रसायनशास्त्राच्या रुकय्या मॅडमचे कागद विद्यापीठाच्या संग्रहात जाणार होते. ते न्यायला त्यांचाच जुना विद्यार्थी प्रवीण दहिवलीला त्यांच्या घरी आला. चाळता चाळता एका आदेशावर त्याचा हात थबकला. ‘नदीच्या पाण्यात विष सापडल्याचा अहवाल बाहेर जाऊ देऊ नये.’ खाली कुलगुरू म्हणून मॅडमचीच सही.

“मॅडम, हा कागद घरीच राहू द्या. उगाच तुमच्या नावाला बट्टा.”

मॅडम उसळल्या. “पहिल्या वर्षाला काय शिकवलं होतं रं तुला? प्रयोगवहीत चूक झाली तर पान फाडायचं नाय. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.”

त्यांनी आदेशावर रेघ मारली आणि आजची तारीख घालून सही ठोकली.

“हां. आता हा सगळ्यांत वर ठेव.”