शोभेची जास्वंद

सांगलीतले हळदीचे व्यापारी तवनाप्पा आल्यागेल्याला आधी अंगणातली जास्वंद दाखवत, मग चहा विचारत. तिच्या पानापानावर पांढरे डाग होते, आणि असली शोभा साऱ्या गावात दुसरीकडे नव्हती. थोरल्या लेकीच्या, चंदनबालाच्या हातांवर कोडाचे तसेच डाग उठले, तेव्हापासून पाहुणे आले की तिच्या खोलीला मात्र बाहेरून कडी लागे. धाकटीचं लग्न जमायचं होतं.

सेहेचाळीस साली शेतकी खात्यातल्या एका साहेबांनी त्या जास्वंदीचा डोळा काढून साध्या हिरव्या जास्वंदीवर त्याचं कलम बांधलं. पावसाळा सरेतो तिचीही पानं डागाळली.

“शेठ, ही शोभा नव्हे, व्हायरसचा रोग आहे. झाड जाळून टाका, शेजारच्या झाडांना लागेल.”

“लागू द्या की,” तवनाप्पा हसले. “त्यांचीबी अंगणं जरा सजतील.”

“हसू नका. हे काही माणसाच्या कोडासारखं नाही. कोड कुणाला लागत नाही, हे लागतं.”



कडी लावलेल्या दाराआडून चंदनबाला म्हणाली, “आप्पा, साहेबांस्नी ते कोडाचं तेवढं परत एकदा मोठ्यानं सांगायला लावा की.”