खिडकीबाहेरचे आरसे

घरबसल्या कालव्यावर नजर ठेवायला आमच्याकडच्या म्हाताऱ्या खिडकीबाहेर आरसे लावतात. सुट्टीत आम्ही तिघं मित्र होडीनं निघालो, तेव्हा स्नेक गावातल्या अशाच एका आरशात आमची होडी दिसली. त्यात व्हीत्स्के होती, मी होतो. सुकाणू धरून बसलेला हेर्बन मात्र नव्हता.

"म्हातारीलाही तुझं थोबाड नकोय!" व्हीत्स्के हसली.

बोल्सवर्टच्या आरशातही तो नव्हता. आता कुणी हसलं नाही.

"मला सोडू नका रे," हेर्बन म्हणाला. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी त्याचे खांदे घट्ट धरले.

पुढच्या गावात पुन्हा आरसा आला.

"दिसलो रे बाबा एकदाचा!" हेर्बनला हायसं वाटलं.

आरशात तो एकटाच होता. शर्ट मात्र दोन्ही खांद्यांवर मुठीत धरल्यासारखा चुरगळला होता.