समुद्राकडची खोली

आईने बंद दारावर टकटक केली आणि ती अदबीने मागे सरून उभी राहिली.

"अगं आई, आत कोणी नाहीये. खोली तुझीच आहे," मुलगा हसत म्हणाला.

"हो की! सवय रे." आई ओशाळली.

सवय असणारच. शाळेच्या ऑफिसात तिची इतकी वर्षं गेली, तिथे साहेबांच्या दारावर टकटक केल्याशिवाय पाऊल टाकायची सोय नव्हती. त्याने दार उघडून तिला पुढे केलं.

समोरची सगळी भिंत काचेची होती, आणि काचेपलीकडे नुसता समुद्र. जवळ हिरवा, पुढे निळा, आणि पार लांब जिथे तो आभाळाला टेकला होता तिथे जांभळा. बोटीत मळमळेल या भीतीने आई डोळे गच्च मिटून बसली होती, त्यामुळे समुद्र म्हणून तिने पाहिला तो आत्ताच. खांद्यावरची पिशवी घसरून कोपरावर आली तरी तिला पत्ता नव्हता.

"एवढं पाणी!" ती म्हणाली. "आणि हे दिवसभर असंच असतं? मग इथे येऊन माणसं झोपतात तरी कशी?"

"झोपायलाच येतात, आई."

"करंटी कुठली!"

ती काचेला नाक लागेल इतकी जवळ गेली, पण हात मात्र पाठीमागे बांधलेले. मग ती पलंगाकडे वळली. शुभ्र चादरीवर टॉवेलांचा हंस करून ठेवला होता. मान कलती करून तिने तो निरखला.

"मान लुळी पडलीये रे बिचाऱ्याची."

मुलगा खो खो हसला. आई खूश होती आणि त्याला आणखी काही नको होतं. फक्त उद्या सकाळपर्यंत सगळं निभावलं पाहिजे.

कारण बेटावरच्या या हॉटेलात तो काउंटरवर साहेब आहे, असं त्याने आईला फोनवर सांगून ठेवलं होतं. अंगावरचा कोट काउंटरवरच्या मित्राचा होता, बाह्या आखूड होत्या. तो खरा कामाला होता टेकडीमागच्या धुलाईखान्यात. तिथून समुद्र दिसत नाही, वारा येत नाही. जनरेटरची घरघर आणि चादरींचे ढीग तेवढे असतात. एवढ्या झगमगाटात दिव्याखाली अंधार असायचाच. पण आई खुर्चीवर बसून काम करणारी, तिच्या पगारावर आपण शिकलो, आणि आता परक्यांच्या चादरी धुतो, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार?

खोली मिळाली ती किल्लीताईमुळे. खोल्यांची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती आणि कमरेला हा मोठा जुडगा. एक पाहुणे आयत्या वेळी आले नाहीत, तेव्हा तिने त्याला बाजूला घेतलं. "एकच रात्र. उद्या दुसरे पाहुणे येतायत. त्याआधी रुमालसाहेब खोली तपासायला येईल. तिथे माणूस राहून गेल्याची खूण जरी सापडली ना, तर तुझीही नोकरी गेली आणि माझीही."

रुमालसाहेब म्हणजे मॅनेजर. पांढरा रुमाल फिरवून तो धूळ शोधायचा, म्हणून हे नाव. सकाळी आईला किनाऱ्यावर फिरायला पाठवायचं आणि दोघांनी मिळून खोली होती तशी करायची, असं ठरलं.

संध्याकाळी मायलेकरं वाळूत बसली. सूर्य पाण्यात उतरला तेव्हा आईने नकळत हात जोडले.

"डोळ्यांचं पारणं फेडलंस रे," ती म्हणाली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. "हे काय रे?"

"खारी हवा, आई. इथे सगळ्यांचं असंच होतं."

"हं." तिने हात सोडला नाही.

"तुझं ऑफिस काय म्हणतंय?"

"माझं काय, पंख्याखाली बसायचं," आई समुद्राकडे बघत म्हणाली.

सकाळी धुलाईखान्यात गरम पाण्याचा पाइप फुटला. उजाडायच्या आतच त्याला बोलावणं आलं आणि मग पाय काढता येईना. किल्लीताईलाही दुसऱ्या इमारतीत अडकवलं होतं. आई तिकडे खोलीत एकटीच. तो सुटला तेव्हा ऊन चढलं होतं. रबरी बूट आणि ओला ॲप्रन घालून तो तसाच धावत सुटला. कोटाची आठवणही त्याला राहिली नाही.

व्हरांड्याशी पोचला, तर रुमालसाहेब खोलीत शिरत होता. मागे किल्लीताई, चेहरा पांढराफटक.

रुमाल टेबलावरून फिरला, दिव्यावरून फिरला, दाराच्या चौकटीवरूनही फिरला. पांढराच राहिला. काचेवर बोटाचा ठसा नव्हता. चादरीवर सुरकुती नव्हती. हंस मान ताठ करून बसला होता.

"ही खोली कुणी आवरली?" रुमालसाहेबाने विचारलं. मग तो किल्लीताईकडे वळला. "बाई, सगळ्या खोल्या अशाच हव्यात मला."

तो बाहेर पडला आणि एका बाईसमोरून निघून गेला. ती भिंतीला पाठ लावून, नजर खाली घालून, त्याला वाट देत उभी होती. पायाशी तिची पिशवी होती. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पावलं लांब गेल्यावर आईने मान वर केली. तिने मुलाचे बूट पाहिले, मग ॲप्रन, मग चेहरा.

"आई, मी तुला सांगणारच होतो..." दारातून दिसणाऱ्या पलंगाकडे त्याने बोट केलं. "पण हे... हे तू कसं केलंस?"

आईने पिशवी खांद्याला लावली.

"जरा वेळच लागला," ती म्हणाली. "आमच्या हॉटेलात पलंग एवढे रुंद नसतात."