रोजची फेरी

मूल होत नाही म्हणून साळुबाईनं सुनेला, अक्षदाला, कळंबमध्येच असलेल्या तिच्या माहेरी हाकललं आणि मुलाचं दुसरं लग्न लावलं. पुढं अक्षदाचंही आणे गावात दुसरं लग्न झालं. नववा लागल्यावर ती बाळंतपणाला माहेरी आली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. ती मुद्दाम साळुबाईच्या दारावरूनच फेऱ्या मारायची. साळुबाई तोंड फिरवायची.

एका संध्याकाळी साळुबाईची नवी सून धावत रस्त्यावर आली. डोळे रडून सुजलेले.

"ताई, कुठल्या डॉक्टरची औषधं घेतली? आता मलाबी वांझ म्हणत्यात."

ओट्यावरच्या साळुबाईला ऐकू जाईल अशा आवाजात अक्षदा म्हणाली, "औषध काईच नाय घेतलं, बाई. फकस्त नवरा बदलला."